क्षारचं स्पेलिंग

अकोल्यातल्या त्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं काढली. माती आणि पाणी तपासून देणारी खासगी जागा होती ती, बाळापूर नाक्याकडे, पाइप आणि मोटारींच्या एका दुकानाच्या डोक्यावर. शेतकरी बाटलीत पाणी नाहीतर पिशवीत माती घेऊन जिना चढायचे आणि दोन-तीन दिवसांनी शिक्क्याचा कागद घेऊन उतरायचे. तो कागद ज्या प्रोग्रॅममधून निघायचा, तो सांभाळणं हे माझं काम.

मी अमरावतीची. घरी आई आणि मी, दोघीच. आई अंगणवाडीत. बीसीए झाल्यावर वर्षभर अमरावतीत काम शोधलं, मिळालं ते अकोल्यात. सोमवारी सकाळच्या एसटीनं जायचं, आठवडाभर खोलीवर राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचं.

रुजू झाले त्या दिवशी प्रयोगशाळेच्या मालकांनी, त्यांना सगळे सर म्हणायचे, माझी दहावीपासूनची मूळ प्रमाणपत्रं मागितली. मला वाटलं, बघून परत देतील. त्यांनी ती एका फायलीत लावली, फाइल लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

"राहू दे इथीच," म्हणाले. "तीन वर्सं झाली का घेऊन जाजो. आमी पोरी शिकवून तयार करतो, अन् त्या चालल्या पुण्याले."

करारावर सही मी आधीच केली होती. वाचला नव्हता असं नाही. पण कागद ठेवून घेण्याचं कलम चौथ्या पानावर होतं, आणि मी दुसऱ्या पानापासूनच मान डोलवायला लागले होते.

माझं टेबल त्याच कपाटाच्या आणि प्रिंटरच्या मधे होतं. पाठीला भिंत. बाहेर पडायचं तर प्रिंटरचं स्टूल सरकवावं लागे, स्टूल सरकलं की कागद अडके, आणि कागद अडकला की सर केबिनच्या काचेतून बघत. त्यामुळे मी दिवसभरात पाणी प्यायलासुद्धा कमीच उठायची.

सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं एकाच बाजूनं ऐकू येईल. शेतकीचे पदवीधर. चाळिशी उलटल्यावर पुस्तक आणून, कुणाला न विचारता, ते मॅक्रो लिहायला शिकले. मॅक्रो म्हणजे एक्सेलच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. रजिस्टरमधले आकडे एका बाजूनं टाकले की दुसऱ्या बाजूनं तयार अहवाल निघे: पाण्यात क्षार किती, आणि खाली एक शब्द, 'योग्य', 'मध्यम' किंवा 'अयोग्य'. हे त्यांनी एकट्यानं उभं केलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. असायलाच हवा होता.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकडा एखाद्या नावाखाली ठेवावा लागतो. पाण्यातल्या क्षाराच्या आकड्याला सरांनी 'क्षार' असंच नाव दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत, एकच ए घालून. के, एस, एच, ए, आर. आता त्या भाषेची एक खोड अशी, की आधी कधीच न सांगितलेलं नाव तुम्ही मधेच लिहिलंत तर ती विचारत नाही, हे कोण आणि कुठून आलं. निमूट नवीन नाव तयार करते आणि पुढे जाते. हे टाळायचं तर फायलीच्या अगदी वर दोन शब्दांची एक ओळ लिहायची: ऑप्शन एक्स्प्लिसिट. मग जे नाव वापरायचं ते आधी जाहीर करावं लागतं, आणि एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी प्रोग्रॅम चालायलाच नकार देतो. कॉलेजात आमच्या मॅडम ही ओळ नसलेलं प्रॅक्टिकल तपासायच्या नाहीत, तसंच परत द्यायच्या. आम्ही मागच्या बाकावर हसायचो.

दुसऱ्या महिन्यात सरांनी मला पहिलं खरं काम दिलं. आमच्याकडे खारपाण पट्ट्यातलं पाणी फार येई. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला, बाळापूर, इकडे भातकुलीपर्यंत जमिनीखालचं पाणी खारं. काही बोअरचं तर इतकं, की क्षार मोजायचं मशीन शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबायचं. मग एक भाग ते पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर असं पातळ करून पुन्हा मोजायचं, आणि आलेल्या आकड्याला दहानं गुणायचं. रजिस्टरमध्ये अशा नमुन्यापुढे एक खूण असे. तो गुणाकार हातानं व्हायचा, तो सरांना प्रोग्रॅममध्ये हवा होता. खूण असली तर दहानं गुण, नसली तर आकडा आहे तसा घे. एवढंच.

मी ते रविवारी अमरावतीत, माझ्या लॅपटॉपवर, वेगळ्या फायलीत लिहिलं. लिहिताना 'क्षार'मध्ये दोन ए घातले. मोबाइलवर मेसेज लिहिताना घालते तसे. माझ्या फायलीत सगळीकडे दोनच ए होते, त्यामुळे सगळं बरोबर चाललं. पुन्हा पुन्हा तपासलं.

सोमवारी त्यातला गुणाकाराचा तुकडा सरांच्या प्रोग्रॅममध्ये नेऊन बसवला, साध्या पाण्याचा सरांचा भाग तसाच ठेवला आणि सवयीनं वर ती ओळही लिहिली. प्रोग्रॅम पहिल्याच नावावर अडला. सरांनी इतक्या वर्षांत एकही नाव जाहीर केलेलं नव्हतं. एक जाहीर केलं की पुढच्यावर अडायचा, ते केलं की त्याच्या पुढच्यावर. जिन्यापर्यंत माणसं उभी होती. सर मागे येऊन थांबले.

"काय झालं वं?"

"सर, नावं जाहीर केलेली नाहीत. एकेक करून करावी लागतील. आजचा दिवस जाईल."

"पाच वर्सं चालून राहिला हा प्रोग्रॅम. आजच काहून अडला?"

"मी वर एक ओळ घातली म्हणून."

"मंग काढ ते ओळ."

"सर, ती असली की चुका सापडतात..."

"चुका तं तुह्या ओळीनंच आणल्या ना? काढ. लोकं उभे हायेत."

मी ओळ काढली. प्रोग्रॅम लगेच चालला, रकान्यात भराभर आकडे उतरले. आकडे आहेत, रिकामं काही नाही, एवढंच मी पाहिलं. सर म्हणाले, "झालं ना?" मी म्हणाले, "झालं."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. जानेवारीत एका सकाळी एक बाई जिना चढून आल्या. पन्नाशीच्या असतील. काळा बुरखा, चेहरा उघडा, आणि हातात सुतळीनं बांधलेलं गुलाबाचं अख्खं रोप, मुळासकट. त्यांचं शेत बाळापूरजवळ. फुलं पिकवणारं घर होतं. दर्ग्याला, लग्नांना, मंदिराबाहेरच्या हारवाल्यांनाही त्यांचीच फुलं जात. त्यांनी ते रोप सरांच्या टेबलावर आडवं ठेवलं. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या, कुणी उदबत्ती फिरवल्यासारख्या.

"खत जास्त झालं," सर म्हणाले.

"खत तं तेच हाय साहेब, जे दरसाल टाकतो. नवं काय हाय तं पानी. बोअर मारली ना आमी." त्यांनी पिशवीतून आमचा अहवाल काढला. तो त्यांनी लॅमिनेट करून घेतला होता. "तुमचाच कागद हाय. पाहा."

सरांनी पाहिलं. 'योग्य' असं लिहिलं होतं, खाली शिक्का होता. "कागद चांगला हाय तं पानी चांगलं हाय. खत कमी करा. पंधरा दिवसांनी पाहू."

त्या बाहेर येऊन माझ्या टेबलासमोरच्या बाकावर टेकल्या. दम लागला होता. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "बेटा, हे त्याच बोअरचं. ठेवून घे. झालं तं अजून एक डाव पाय."

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि बोट बुडवून जिभेला लावलं. का लावलं ते सांगता येणार नाही. आमच्याकडे कुणी तसं करत नसे.

"खारं आहे, खाला," मी म्हणाले. मावशीला त्यांच्याकडे खाला म्हणतात, एवढं मला माहीत होतं.

"हो नं! आमाले बी पयल्या दिवसापासून खारंच लागलं. मी यायले म्हटलं बी, हे पानी काही बराबर नाई." यायले म्हणजे नवऱ्याला. "पन कागदावर मीठं निघालं. मंग काय समजावं? मशीन खरी का माही जीभ खरी?"

मीठं म्हणजे गोड. मराठी बोलता बोलता त्या मधेच घरचा शब्द घालत, आणि 'मीठं निघालं' म्हटल्यावर माझ्या कानाला आधी मीठच ऐकू आलं. मी म्हणाले, "ठेवा बाटली. बघते."

त्या गेल्यावर मी रजिस्टर काढलं. त्यांच्या नमुन्यापुढे पातळ केल्याची खूण होती. मशीननं दाखवलेला आकडा होता, त्याला मी कागदावर दहानं गुणलं. आकडा 'अयोग्य'च्याही कितीतरी पलीकडे गेला. अहवालात छापलेला आकडा मात्र लहानसा होता. हा आला कुठून? मी रजिस्टरात एक ओळ वर गेले. मूर्तिजापूरकडच्या कुणाच्या तरी विहिरीचं पाणी, चांगलं, आणि त्याचा आकडा दशांशासकट तोच.

मग खुणा असलेले सगळे नमुने शोधले. सतरा होते. सतराही जणांच्या कागदावर त्यांच्या आधीच्या माणसाच्या पाण्याचा आकडा छापला गेला होता.

प्रोग्रॅम उघडला आणि सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. साधं पाणी असलं की आकडा एका ए-वाल्या 'क्षार'मध्ये जाई. पातळ केलेलं असलं की माझ्या दोन ए-वाल्या 'क्षार'मध्ये. अहवाल छापणारा भाग सरांचा होता, तो एक ए-वाल्याकडेच बघायचा, आणि तिथे आधीच्या बाटलीचा आकडा अजून बसलेला असे. तोच छापायचा. म्हणजे जे पाणी सगळ्यात खारं, नेमकं त्याचाच अहवाल खोटा. मी त्या दोन नावांकडे बघत बसले. मोठ्यानं वाचली तर दोन्ही सारखीच वाचली जात होती.

सरांच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सांगितलं. ते माझ्याहून लवकर समजले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोनं टाकला हा जादा ए?"

"मी."

"मंग?"

"पण सर, ती ओळ असती तर त्याच दिवशी..."

"ओळ मी काढायले लावली. असंच म्हणायचं ना?"

त्यांनी टेबलावरचा शिक्का हातात घेतला.

"पाय, कागदावर सही माही हाय, शिक्का माहा हाय. उद्या बोभाटा झाला तं हे दुकान बंद. इथी चार घरं चालतात, तुहं बी. आता दुरुस्त कर. झालं ते झालं. कोनी विचारत आलं तं तवा पाहू."

"सर, ती माणसं आजही तेच पाणी देत असतील."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तीन वर्सं व्हायले किती राहिले तुले?"

"अडीचच्या जवळपास."

कपाटाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी जागेवर येऊन जादा ए खोडला. मग कुणाला न विचारता वर ती ओळ लिहिली आणि प्रोग्रॅममधलं प्रत्येक नाव जाहीर करत गेले. दोन दिवस लागले. आणखी दोन चुकलेली नावं सापडली, दोन्ही सरांची, दोन्ही निरुपद्रवी. एकामुळे पिनकोड कधीच छापला जात नसे, एवढंच. सरांनी पाहिलं. ओळ राहिली.

शनिवारी घरी गेले. आई मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं.

"तुहे कागद त्यायच्या कपाटात हायेत," आई म्हणाली. "आधी ते हातात घे. मंग बोल काय बोलायचं ते."

"अडीच वर्षांनी?"

"अडीच वर्सांनी."

"तोवर त्यांचे गुलाब मरतील."

"माणसं तं नाई मरत ना?" म्हणाली, आणि स्वतःच थांबली. दोन-चार काड्या तोडल्या. मग विचारलं, "गुलाबावरच घर हाय का त्यायचं?"

"हो."

पुढचा आठवडाभर मी रोज खालांचा नंबर काढून पाहिला. तो अहवालावरच होता. टेबलावरून फोन करणं शक्य नव्हतं, काचेपलीकडे सर होते. पण संध्याकाळी खोलीवरून करता आला असता. नाही केला. त्या शनिवारी घरी गेले नाही. आईनं फोनवर कारण विचारलं नाही. रविवारी सकाळी बाळापूरची बस धरली.

किल्ल्याच्या अंगानं ऑटो शेताच्या वाटेला लागली तेव्हा मोटरचा आवाज ऐकू येत होता. खाला बांधावर बसून खुडलेल्या फुलांच्या टोपल्या झाकत होत्या. त्यांचे यजमान ओळींमधून पाणी वळवत होते. उंच, कमी बोलणारे. ओळींच्या कडेला, जिथे पाणी सुकलं होतं, तिथे मातीवर पांढरी खपली धरली होती.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुमच्या कागदावरचा आकडा तुमच्या पाण्याचा नाही. प्रोग्रॅममध्ये चूक होती. तुमचं पाणी खारं आहे, फार खारं, गुलाबाला चालणार नाही.

यजमान गेले आणि मोटर बंद केली. एकदम शांत झालं.

"म्हणजे माही जीभ खरी होती," खाला म्हणाल्या.

"हो."

"अन् तुले हे कवा मालूम झालं?"

"तुम्ही आलात त्याच दिवशी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "नऊ दिवस. नऊ दिवस आमी रोज पानी देल्लं बेटा. फोन काहून नाई केला?"

मी म्हणाले, माझी प्रमाणपत्रं सरांकडे आहेत, म्हणून. प्रयोगशाळेत, त्या कपाटाशेजारी, हे कारण केवढं मोठं वाटायचं. त्या शेतात उभं राहून ते म्हटल्यावर मला स्वतःलाच ते ऐकवलं नाही. खालांनी मान हलवली, समजल्याची की नाराजीची ते मला कळलं नाही.

"आता काय करावं ते सांग."

मी कृषी केंद्रात विचारून आले होते. बोअर बंद करा. शेततळ्यात पावसाचं पाणी आहे ना, तेच द्या, थोडं थोडं नाही, एकदम भरपूर, म्हणजे क्षार खाली जातील. पाणी निघून जाईल असा चर काढा. जिप्सम घाला. यजमानांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे सारं लिहून दे."

हारांच्या ऑर्डरी लिहायच्या वहीतलं पान त्यांनी फाडून दिलं. मी लिहिलं: छापलेला आकडा अमुक, खरा आकडा अमुक, काय करायचं ते. मग कारण लिहायची वेळ आली आणि हात थांबला. शेवटी लिहिलं, 'प्रोग्रॅम लिहिताना माझ्याकडून एका नावात चूक झाली.' खाली सही केली. ती ओळ कुणी काढायला लावली, हे लिहिलं नाही. त्या वेळी मला वाटलं, मी मोठ्या मनानं सगळं अंगावर घेतेय. आता वाटतं, तसं काही नव्हतं. मला सरांची भीती वाटत होती.

मंगळवारी यजमान प्रयोगशाळेत आले. सरांच्या टेबलावर त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, एक लॅमिनेट केलेला आणि एक वहीतला. केबिनचं दार उघडंच होतं.

"हा शिक्क्याचा हाय, तो झूटा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "अन् हा बिनशिक्क्याचा, तो सच्चा. आता याच्यावर बी शिक्का मारून द्या."

सरांनी वहीचं पान वाचलं. काचेतून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मशीन बिघडली होती आमची."

"पोरीनं तं सोताची चूक लिहिली हाय."

सरांनी पान परत केलं. मला हाक मारून नवीन अहवाल छापायला सांगितला, त्यावर सही केली, शिक्का मारला. यजमान तिन्ही कागद घेऊन गेले.

त्यानंतर सर माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता काढून टाकतील. कपाट उघडतील, फाइल हातात देतील, म्हणतील चालती हो. खरं सांगायचं तर मी मनातून तेच मागत होते. संध्याकाळची एसटी डोळ्यांसमोर आली होती.

"बाकी सोळा जणायले फोन लाव," ते म्हणाले. "मशीन बिघडली होती, असंच सांगायचं. नवा कागद फुकट. अन् तू कुठी जाऊन नाई राहिली. वर्सं पुरी करायची."

मी त्याच टेबलावरून फोन केले. सर काचेपलीकडे ऐकत होते. नमस्कार, अकोल्याहून बोलते, तुमच्या पाण्याचा अहवाल चुकला आहे, मशीन बिघडली होती. एक जण हसला. म्हणाला, ते पानी आमी कवाच सोडलं, तोंडात धरवत नाई अन् तुमी योग्य म्हणता. एकानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. एका आजींना गाईला चालेल का एवढंच विचारायचं होतं. एकाची संत्र्याची नवी कलमं त्याच पाण्यावर होती. तो फार वेळ, फार वाईट बोलला, आणि मी ऐकत राहिले. प्रत्येक वेळी 'मशीन' म्हणताना माझी जीभ अडखळायची. तिसऱ्या-चौथ्या फोननंतर अडखळायची थांबली, आणि त्याची मला जास्त लाज वाटली.

पुढची जवळपास अडीच वर्षं तिथेच गेली. सर माझ्यावर कधी ओरडले नाहीत. फक्त लोकांसमोर, मी नवीन काही केलं की मोठ्यानं विचारायचे, "मॅडम, स्पेलिंग पाहिलं का?" लोकांना वाटे, गंमत करतात. मी मान हलवायची. उठायला स्टूल सरकवायची, कागद अडकायचा, सर बघायचे. अमरावतीत मैत्रिणी विचारायच्या, एवढं नको आहे तर सोड ना. चौथ्या पानाचं त्यांना समजावून सांगायचा मला कंटाळा यायला लागला, मग मी सांगणंच सोडलं.

एकदा दुपारी न सांगता केबिनमध्ये गेले, तर सर त्यांचा मातीच्या तपासणीचा जुना मॅक्रो उघडून बसले होते. वर ती ओळ लिहिली होती आणि ते एकेक नाव जाहीर करत होते, एका बोटानं टाइप करत, ओठ हलवत. मला बघून त्यांनी स्क्रीन वळवली. मी म्हणाले, "सर, मी करून देऊ?" ते म्हणाले, "माहं मी करतो." त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही.

खालांचे निम्मे गुलाब गेले. उरले ते दोन पावसाळ्यांनी सावरले. बोअरवर त्यांनी झाकण ठोकलं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या, भावाच्या विहिरीचं पाणी घेऊन. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी आधी स्वतः एक घोट घेतला, जरा थांबल्या आणि मग बाटली माझ्या हातात दिली.

"हे मीठं हाय," म्हणाल्या. "आता तुही मशीन काय म्हणते ते सांग."

मशीनही तेच म्हणालं. मी अहवाल द्यायला जिन्यापर्यंत गेले तर त्या हसल्या नाहीत, पण "बरी हायस ना?" असं विचारलं.

तीन वर्षं पुरी झाली त्या दिवशी सरांनी कपाट उघडून फाइल दिली. पिनेला गंज चढला होता, दहावीच्या प्रमाणपत्राच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग पडला होता. मी त्यांच्या पाया पडले नाही, त्यांनी आशीर्वाद दिला नाही. "जाय," म्हणाले. आता मी अमरावतीतच, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. घरून डबा नेते.

पण सोळापैकी फोन पंधरा जणांनाच लागला होता. सोळावा नमुना भातकुलीकडचा होता. रजिस्टरमध्ये माणसाचं नाव होतं, गाव होतं, आणि मोबाइल नंबर नऊच आकडी. लिहिताना कुणाकडून तरी एक आकडा राहिला होता. मी त्या वेळी सरांना म्हटलं होतं, गावात जाऊन शोधते. ते म्हणाले, पंधरा झाले ना.

अमरावतीला परत आल्यावर एका रविवारी त्या गावी गेले. त्या नावाची तीन माणसं निघाली. पहिल्या दोघांनी पाणी कधी तपासलंच नव्हतं. तिसरा गाव सोडून मुलीकडे राहायला गेला होता. शेत आता दुसराच कुणी करत होता, त्याची तूर उभी होती. बांधाजवळ बोअरचा पाइप जमिनीतून वर आलेला दिसत होता, तोंडावर दगड ठेवलेला.

"याचं पाणी वापरता का?" मी विचारलं.

"ह्याचं? जनावर बी तोंड नाई लावत त्याले. बंदच हाय."

"कधीपासून बंद आहे?"

"आमी घेतलं तवा बंदच होतं."

"त्याआधी त्यांनी याच्यावर काय लावलं होतं?"

त्यानं तुरीच्या शेंगा चाचपत थोडा विचार केला. "नाई सांगता येत बाई," म्हणाला. "तुमी कोन त्यायच्या?"

कोणी नाही, म्हटलं. त्या मुलीचं गाव त्याला माहीत नव्हतं. त्यानं आणखी दोघांना हाक मारून विचारलं, त्यांनाही नव्हतं. तीनची बस होती, ती धरून मी परत आले.